गंजीचा आडोसा

अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली कोणतीही स्मरणिका उघडा, इतिहासाचा लेख एकाच तारखेपासून सुरू होतो: ११ फेब्रुवारी १८१३. त्या दिवशी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला उतरले. मग शाळा, छापखाना, अहमदनगर, ‘ज्ञानोदय’, रेव्हरंड टिळक अशी वाटचाल होते आणि शेवटी विद्यमान पंचकमिटीचा फोटो येतो. असे लेख मीही लिहिले आहेत. या वेळी मात्र संपादकांकडून सात वर्षे मागे जायची परवानगी मागून घेतली. हॉल आणि नॉट यांना ज्या बोर्डाने धाडले, ते बोर्डच मुळात काही विद्यार्थ्यांच्या हट्टामुळे जन्माला आले होते. त्या विद्यार्थ्यांच्या मंडळाला ना इमारत होती, ना पाटी, ना निधी. होती ती एक वही, आणि तीही कुणाला वाचता येऊ नये अशा सांकेतिक लिपीत लिहिलेली.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, बर्कशायरच्या डोंगरांत, विल्यम्सटाउन नावाचे गाव आहे. तिथले विल्यम्स कॉलेज १७९३ साली स्थापन झाले. त्या काळच्या न्यू इंग्लंडमधल्या कॉलेजांचा धर्माशी संबंध जन्मजातच असे. अध्यक्ष पाळक असायचे आणि प्रार्थनेला हजेरी सक्तीची असायची. पण सक्तीच्या प्रार्थनेतून भक्ती उपजत नाही, हे मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या आपल्या पिढीला वेगळे सांगायला नको. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिकडच्या कॉलेजांत देवाधर्माची टिंगल करणे हे हुशारीचे लक्षण समजले जाई. विल्यम्समध्येही मनापासून प्रार्थना करणारी मुले थोडी, आणि त्यांची थट्टा करणारी पुष्कळ. म्हणून ही थोडी मुले कॉलेजच्या आवाराबाहेर, शेताकडच्या झाडीत जमत. म्हणजे ख्रिस्ती म्हणवणाऱ्या कॉलेजात ख्रिस्ती मुलांना प्रार्थनेसाठी आडोसा शोधावा लागत होता. यातला विनोद त्यांना कळत होता की नाही कोण जाणे.

१८०५-०६ च्या सुमारास गावात आणि कॉलेजात धर्मजागृतीची एक लाट आली. तिच्यातच १८०६ च्या वसंतात कनेक्टिकटमधल्या एका पाळकाचा मुलगा कॉलेजात दाखल झाला. त्याचे नाव सॅम्युएल मिल्स. वय २३, म्हणजे बरोबरच्या पुष्कळ मुलांहून मोठा. वक्ता म्हणून बेताचा, अभ्यासातही बेताचाच, पण माणसे जोडण्यात पटाईत. प्रत्येक मंडळात असा एक जण लागतो. सभेत तो फारसा बोलत नाही, मात्र सभा भरते ती त्याच्यामुळेच.

त्या वर्षीच्या ऑगस्टमधली गोष्ट. नेमकी तारीख कुणी लिहून ठेवली नाही. दुपारच्या नेहमीच्या प्रार्थनेला त्या दिवशी पाचच जण आले: मिल्स, जेम्स रिचर्ड्स, फ्रान्सिस रॉबिन्स, हार्वी लूमिस आणि बायरम ग्रीन. झाडीत बसले असताना आभाळ भरून आले, विजा कडाडू लागल्या. मुले पळत सुटली आणि जवळच्या कुरणातल्या गवताच्या गंजीच्या आडोशाला जाऊन बसली. त्या दिवसांत वर्गात आशियाचा भूगोल शिकवला जात होता, त्यामुळे बोलणे आशियावरच गेले. मिल्सने प्रस्ताव मांडला: सुवार्ता तिकडे पोचायची तर कुणीतरी जायला हवे, आणि ते आपण का जाऊ नये? मनात आणले तर आपल्याला जमेल, असा त्याचा सूर होता.

ही कथा रविवारच्या शाळेत सांगताना इथेच थांबतात आणि मुलांना गाणे म्हणायला लावतात. मला मात्र पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पाचांपैकी लूमिसने विरोध केला. त्याचे म्हणणे असे की वेळ अजून आलेली नाही. त्या देशांत आधी सुधारणा पोचू दे, नाहीतर गेलेली माणसे फुकट मरतील. वाद झाला, मग प्रार्थना झाली. लूमिसने प्रार्थना केली नाही, बाकीच्या चौघांनी केली. पाऊस थांबला, एक गीत म्हटले गेले आणि मंडळी घरी गेली. लूमिसला कुणी गटातून काढले नाही, आणि पुढे संगमरवरावर पाच नावे कोरली गेली तेव्हा त्याचेही नाव वगळले नाही. विरोध करणाऱ्याचे नाव राखून ठेवणारी मंडळे मी आयुष्यात फार पाहिली नाहीत.

खरी संस्था उभी राहिली ती दोन वर्षांनी. सप्टेंबर १८०८ मध्ये मिल्स, रिचर्ड्स, एझ्रा फिस्क, जॉन सेवर्ड आणि ल्यूथर राइस या पाच विद्यार्थ्यांनी एका घटनेवर सह्या केल्या. मंडळाचे नाव ठेवले ‘ब्रेदरन’, म्हणजे बंधुमंडळ. घटना छोटीशीच. आपल्या सभासदांनी स्वतः परदेशी सुवार्तेसाठी जाणे, हाच मंडळाचा उद्देश. इतरांना पाठवण्यासाठी वर्गणी गोळा करणे किंवा ठराव करून ते वडीलधाऱ्यांकडे धाडणे, असले काहीही तिच्यात नाही. जाण्याच्या आड येईल अशा कोणत्याही बंधनात सभासदाने अडकू नये, आणि आधीच अडकलेल्याला सभासद करू नये, अशी कलमे होती. बंधन म्हणजे काय, ते घटनेने फोड करून सांगितलेले नाही, पण विशी-पंचविशीतल्या मुलाला ते समजायला वेळ लागत नाही: नोकरीचा दिलेला शब्द, डोक्यावरचे कर्ज, घरी चाललेली लग्नाची बोलणी.

आणि सगळे गुप्त. मंडळ आहे हेच कुणाला कळू द्यायचे नाही. वही सांकेतिक लिपीत. हे कॉलेजच्या पोरांचे नाटकीपण म्हणून सोडून देता येईल, आणि थोडे नाटकीपण त्यात होतेही. पण कारण व्यवहाराचे होते. अमेरिकेतून कुणी आशियात मिशनरी म्हणून जाण्याची रीत तोवर नव्हती. बेत फसला तर लोक हसतील, आणि एकदा हसू झाले की पुढची पन्नास वर्षे हा विषय कुणी काढणार नाही, ही त्यांची भीती. आपल्याकडे आधी फलक रंगवतात, उद्घाटनाला पाहुणे बोलावतात आणि सभासद नंतर शोधतात. त्यांनी उलटे केले.

१८१० च्या सुमारास मंडळाची वही अँडोव्हरच्या धर्मशास्त्र विद्यालयात गेली, कारण मंडळी पदवी घेऊन तिकडे शिकायला गेली होती. तिथे इतर कॉलेजांतून आलेले ॲडोनिराम जडसन, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल भेटले. विल्यम्समध्येच मिल्सच्या बरोबरीने शिकलेला आणि आपल्या वर्गात पहिला आलेला गॉर्डन हॉलही तिथे पोचला. कनेक्टिकटमधल्या एका मंडळीने हॉलला पाळक म्हणून बोलावले होते. त्याने नकार दिला, कारण त्याला दूर जायचे होते. घटनेतल्या ‘बंधन नको’ या कलमाचा अर्थ इथे दिसतो.

जून १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मंडळ्यांची सर्वसाधारण सभा ब्रॅडफर्ड गावी भरली. तिच्यापुढे विद्यार्थ्यांनी अर्ज ठेवला: आम्ही जायला तयार आहोत, आम्हाला पाठवणारे कुणी आहे का? अर्जावर सहा नावे होती. इतकी नावे पाहून वडील मंडळी खर्चाच्या विचाराने दचकतील म्हणून दोन नावे खोडली आणि चार ठेवली. खोडलेली नावे रिचर्ड्स आणि राइस यांची. तरुणांना आपल्या समाजातल्या वडिलांची नाडी किती अचूक कळते पाहा! सभेने २९ जूनला परदेशी मिशनांसाठी ‘अमेरिकन बोर्ड’ स्थापन केले. फेब्रुवारी १८१२ मध्ये सेलम इथे पाच जणांना दीक्षा मिळाली आणि दोन जहाजांतून ते भारताकडे निघाले.

पुढचे आपल्याला पाठ आहे. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध जुंपले. जडसन आणि राइस बाप्तिस्म्याबद्दलचे मत बदलून बाप्टिस्ट झाले. जडसन ब्रह्मदेशात गेला, राइस परत फिरला. न्यूएलची पत्नी हॅरिएट १९ व्या वर्षी मॉरिशसला वारली. हॉल आणि नॉट मुंबईत आले. हद्दपारीचा हुकूम, कोचीनपर्यंत पळ, तिथून परत आणणे, अर्जविनंत्या, आणि अखेर १८१३ च्या सनदेने मिळालेली मोकळीक, हे सगळे इतर लेखांत भरपूर आले आहे.

मिशनच्या छापखान्याबद्दल मात्र दोन वाक्ये लिहिल्यावाचून राहवत नाही. अमेरिकन मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यातून १८१७ पासून मराठी पुस्तिका निघू लागल्या. त्या छापखान्याचे काम पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला आणि पंचांग छापले. मिशनच्याच छापखान्यात लहानपणी काम शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ काढला. गंजीखाली बसलेल्या मुलांना कुणी सांगितले असते, की तुमच्या प्रार्थनेचे एक फळ म्हणजे वेदशास्त्रांच्या शुद्ध, देखण्या आवृत्त्या, तर त्यांनी ती प्रार्थना पुन्हा केली असती की नाही, मला शंका आहे.

हॉल मुंबईत १३ वर्षे राहिला. मराठी शिकला, शाळा काढल्या, नव्या कराराच्या भाषांतरावर खपला. मार्च १८२६ मध्ये तो नाशिककडे गेला, तेव्हा तिकडे पटकी पसरली होती. जवळची औषधे त्याने वाटून संपवली आणि परतीच्या वाटेवर २० मार्चला एका देवळाच्या ओसरीवर पटकीनेच गेला. वय ४१. बरोबरच्या दोन मुलांनी त्याला तिथेच पुरले. मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पुरा झाला.

आता घटनेवर सह्या करणाऱ्या पाचांचा हिशेब पाहू. रिचर्ड्स सिलोनला गेला आणि तिथेच वारला. राइस गेला पण परतला. फिस्क आणि सेवर्ड मायदेशीच पाळक झाले. आणि ज्याच्या डोक्यातून हे सगळे निघाले तो मिल्स? तो आशियात कधीच आला नाही. मिल्सची खरी गरज घरी, माणसे जोडायला आहे, असे इतरांचे मत पडले. १८१८ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून परतताना तो जहाजावर मेला आणि त्याला समुद्रात सोडले. ‘स्वतः जाणे’ हाच ज्या मंडळाचा उद्देश, त्याच्या पाच संस्थापकांपैकी एकच जण परदेशी राहून काम करू शकला. तरी मंडळ फसले असे कुणाला म्हणता येणार नाही. मी याचा अर्थ असा लावतो, की अशा गटाचे काम त्यातल्या माणसांच्या चरित्रांत शोधू नये. वही पुढच्याच्या हातात गेली की नाही, तेवढे पाहावे.

त्या मुलांची एक उणीवही मांडली पाहिजे, नाहीतर ही स्मरणिका आरतीसंग्रह होईल. ज्या आशियाबद्दल ते कळवळून बोलत होते, तो त्यांना भूगोलाच्या पुस्तकाइतकाच माहीत होता. तिथे अंधार आहे, एवढे त्यांनी गृहीत धरले. ज्या मुलखात हॉल उतरला तिथे ज्ञानेश्वरी पाच शतकांची जुनी होती आणि तुकोबांचे अभंग दारोदार गायले जात होते, हे गंजीखाली कुणाच्या गावीही नव्हते. हे समजायला मिशनला पुढच्या तीन पिढ्या लागल्या. नारायण वामन टिळकांना १८९५ मध्ये बाप्तिस्मा मिळाला, त्यानंतर आपल्या उपासनेत अभंगाला मानाने जागा झाली. लूमिसचा प्रश्न चुकीच्या दिशेने विचारलेला होता, पण प्रश्न होता. तुम्ही ज्यांच्याकडे निघालात त्यांना ओळखता का, असा तो कुणी विचारायला हवा होता.

वही पुढे गेली. अँडोव्हरला बंधुमंडळ पुढेही बरीच वर्षे चालले, आणि त्याच्या सभासदांत एक होता रॉयल वाइल्डर. तो १८४६ मध्ये अहमदनगरला आला आणि १८५२ मध्ये कोल्हापुरात जाऊन राहिला. आपल्याकडे वाइल्डर हे नाव कोल्हापूरच्या शाळा आणि मंडळीमुळे ओळखीचे. पुढे बोर्डाशी त्याचे बिनसले, काही काळ तो स्वतंत्रपणे काम करत राहिला, तो भाग वेगळा. त्याचा मुलगा रॉबर्ट २ ऑगस्ट १८६३ रोजी कोल्हापुरातच जन्मला.

कुटुंब अमेरिकेला परतून प्रिन्स्टनला स्थायिक झाले. रॉबर्ट तिथल्या कॉलेजात शिकत असताना, १८८३ मध्ये, त्याने विद्यार्थ्यांचे परदेशी मिशन मंडळ काढले. वडिलांच्या तरुणपणच्या मंडळाचेच हे नवे रूप, फक्त गुप्तता गेलेली. घरात रविवारी मुले जमत आणि ‘देवाची इच्छा असल्यास आम्ही परदेशी मिशनरी होण्यास राजी व उत्सुक आहोत’ अशा आशयाच्या प्रतिज्ञेवर सह्या करत. त्याच वेळी शेजारच्या खोलीत रॉबर्टची बहीण ग्रेस प्रार्थना करत बसे. ग्रेस माउंट होल्योकला शिकलेली, आणि तिथे मुलींचे असेच मंडळ चालवून आलेली. इतिहासाच्या पुस्तकांत दिवाणखान्यातल्या मुलांना पाने मिळाली आणि शेजारच्या खोलीला एक ओळ. ती ओळ इथे थोडी लांबवतो: ग्रेस आईबरोबर कोल्हापूरला परत आली आणि पुढे इस्लामपूर भागातल्या खेड्यांत राहून तिने काम केले. वाळवे तालुक्यातल्या वाचकांनी ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी.

जुलै १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच माउंट हर्मनला, मूडी या सुप्रसिद्ध उपदेशकाच्या शाळेत, ८९ कॉलेजांतले २५१ विद्यार्थी बायबलच्या अभ्यासासाठी महिनाभर जमले. मिशनचा विषय कार्यक्रमपत्रिकेत जवळजवळ नव्हता. रॉबर्ट वाइल्डर मात्र आल्या दिवसापासून एकेकाला गाठून बोलत होता. आला तेव्हा प्रतिज्ञा केलेले वीस-एकवीस होते, शिबिर संपताना बरोबर १०० झाले. त्यांत कॉर्नेलचा जॉन मॉट होता, जो पुढे साठ वर्षांनी, १९४६ मध्ये, नोबेल शांतता पारितोषिकाचा मानकरी ठरला. वाइल्डर आणि जॉन फोरमन (हाही भारतातल्याच मिशनऱ्याचा मुलगा, लाहोरचा) पुढचे वर्षभर कॉलेजांमागून कॉलेजे हिंडले आणि दोन हजारांवर सह्या घेऊन आले. १८८८ मध्ये ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ रीतसर उभी राहिली. पुढच्या अर्धशतकात तिच्यातून सुमारे वीस हजार तरुण-तरुणी परदेशी गेले. १८९५ मध्ये मॉटच्याच पुढाकाराने विद्यार्थ्यांचा जागतिक ख्रिस्ती संघ स्वीडनमध्ये स्थापन झाला, आणि १९१२ मध्ये भारताची स्वतःची ‘स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट’ आली.

वाइल्डर स्वतः १८९२ मध्ये भारतात परतला आणि कोलकाता व पुण्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांत काम करू लागला. पुण्याचा तो काळ डोळ्यांपुढे आणा. दोनच वर्षांपूर्वी पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे, लोकमान्य टिळक, गोखले यांच्यावर ग्रामण्य उभे राहिले होते. अशा शहरात कोल्हापुरात जन्मलेला हा अमेरिकन तरुण ब्राह्मण विद्यार्थ्यांशी धर्मावर चर्चा करत बसे. बाप्तिस्म्यांच्या आकड्यांत त्या कामाचे फळ मोजायला गेले तर हाती फारसे लागणार नाही. पण इथे आता ऐकूनही घ्यावे लागत होते, उत्तरेही द्यावी लागत होती. गंजीखालचा एकतर्फी कळवळा पुण्याच्या विद्यार्थ्यांपुढे टिकणारा नव्हता. १९३६ मध्ये खुद्द मॉट गांधीजींना भेटायला वर्ध्याजवळ शेगावला गेले, तेव्हा गांधीजींनी धर्मांतराबद्दलची आपली नापसंती त्यांना स्पष्ट सांगितली. मॉट यांनीही आपली बाजू सोडली नाही. भेट झाली, वाद झाला, स्नेह राहिला.

‘स्टुडंट व्हॉलंटिअर’ चळवळीचा उतार पहिल्या महायुद्धानंतरच सुरू झाला होता. विद्यार्थी वर्णभेद, युद्ध, वसाहती यांबद्दल प्रश्न विचारू लागले, आणि परदेशी जाण्याची प्रतिज्ञा त्यांना पुरेनाशी झाली. १९५९ मध्ये ही चळवळ इतर गटांबरोबर एका मोठ्या संघात विलीन झाली, तो संघ पुढे आणखी मोठ्या संघात मिसळला आणि तोही १९६९ मध्ये विसर्जित झाला. मला याचे दुःख होत नाही. विद्यार्थ्यांची मंडळे बहुधा अशीच जगतात. चार वर्षांनी सगळे सभासद पास होऊन निघून जातात, आणि पाचव्या वर्षी एक तर वही नव्या हातात असते किंवा रद्दीत.

पाऊस पडलेली ती जागाही जवळजवळ विसरली गेली होती. १८५४ मध्ये बायरम ग्रीन म्हातारपणी विल्यम्सटाउनला गेला. मधल्या काळात तो अमेरिकन काँग्रेसचा सभासदही होऊन गेला होता. कुरणात फिरून त्याने जागा ओळखली आणि तिथे एक खुंटी ठोकली. त्या खुंटीच्या जागी १८६७ मध्ये संगमरवरी स्तंभ उभा राहिला, वर पृथ्वीचा गोल, खाली पाच नावे. पाचांपैकी एकजण ४८ वर्षांनी परत गेला नसता, तर आज कुणाला बोट दाखवता आले नसते.

म्हणून वाचकांना एक विनंती करतो. आमच्या कॉलेजच्या वसतिगृहात दर रविवारी संध्याकाळी कोपऱ्यातल्या खोलीत प्रार्थना व्हायची. सात-आठ जण असायचे, एकाकडे पेटी होती, आणि कोण आले, कोणते गीत म्हटले, कुणासाठी प्रार्थना झाली हे एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहिले जायचे. दोन वर्षे ती वही मीच लिहीत होतो. पास होताना कुणाच्या हाती दिली ते आता आठवत नाही. पुणे, मुंबई, नगर, कोल्हापूर, मिरज, सोलापूर, नागपूर, कुठल्याही कॉलेजातल्या अशा मंडळाची वही, हजेरीपट, हिशेबाचे पान किंवा मागे नावे लिहिलेला फोटो तुमच्या घरातल्या ट्रंकेत असेल, तर तो टाकू नका. पुढच्या उपासनेला येताना बरोबर आणा आणि स्मरणिका समितीच्या टेबलावर द्या. नक्कल करून मूळ प्रत त्याच दिवशी परत मिळेल.